चिखल कुठला, ते आधी ठरव

अगं, सेंच्युरियन रणगाड्याचं मॉडेल जोडून झालं, आता रंगवायला घेणार म्हणतेस, तर ब्रश हातात धरण्याआधी माझं थोडं ऐक. रंग चढवणं त्यातल्या त्यात सोपं. कस लागतो तो नंतर त्याला मळवताना.

पूना हॉर्स रेजिमेंटचाच करायचाय ना? मग तुझा चिखल डिसेंबर 1971 चा, शकरगढकडचा, बसंतर नदीकाठचा. ती गाळाची माती फिकट, राखाडीकडे झुकणारी. आपली पन्हाळ्याची तांबडी माती कितीही जिव्हाळ्याची असली तरी त्या साखळ्यांना लावू नकोस. पंचगंगेकाठची काळीही नको. आणि गंजाचा मोह आवर. भारत-पाक युद्ध 3 डिसेंबरला पेटलं, बसंतरची लढाई 16 तारखेपर्यंत चालली. रोज निगा राखलेल्या रणगाड्याचं जाड चिलखत तेवढ्यात सडत नाही. गंज दाखव तो सायलेन्सरला, तिथला रंग उष्णतेनं जळतो.

रंग उडाल्याच्या खुणा करताना पट्टी जवळ ठेव. तुझं मॉडेल 1/35 आहे, म्हणजे एक मिलिमीटरचा टवका खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटरचा होतो. स्पंजाचा बारीक तुकडा रंगात टेकव, कागदावर जवळजवळ कोरडा कर, मगच लाव. तेही जवानांचे बूट जिथं घासतात तिथं: चढायच्या जागी, झाकणाच्या कडेला, मडगार्डच्या टोकाला. साखळीच्या आतल्या बाजूला चाकं फिरून लोखंड चकाकतं, तिथं शिसपेन्सिल घासलीस तरी पुरे.

फवारणी मात्र भर पावसात नको. जुलै-ऑगस्टात आपल्या कोल्हापुरातली हवा इतकी ओली की मॅट वॉर्निश पांढरट पडतं. उघडीप बघ. हात कसा चालवायचा ते शिकायला गणपतीच्या आधी शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत नाहीतर बापट कॅम्पात मूर्तिकारांजवळ जाऊन उभी राहा. स्प्रेगन मूर्तीच्या बाहेर सुरू होते, अंगावरून सरकते आणि पलीकडं गेल्यावरच थांबते. म्हणून ओघळ येत नाहीत. तूही तसेच पातळ हात दे, मध्ये वाळू दे. हिरव्या रंगावर चकचकीत वॉर्निश, मग चिन्हांचे स्टिकर, मग फटींतून गडद तपकिरी वॉश. मॅट आणि धूळ शेवटी.

आणि ‘फामागुस्ता’च करणार असशील तर आणखी एक. पुण्यात जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल 16 डिसेंबरला त्याच रणगाड्यात लढताना गेले. वय 21. मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. त्यावर जळाल्याचे काळे डाग शोभेसाठी ओढू नकोस गं. गोळा नेमका कुठं लागला हे फोटोत दिसलं तरच दाखव. नाहीतर त्या सकाळचा, लढाईत उतरण्याआधीचा कर. धुळीनं माखलेला, पण धडधाकट.

तो रणगाडा अहिल्यानगरला आर्मर्ड कोअर सेंटरमध्ये जपून ठेवलाय. तिथलं रणगाडा संग्रहालयही एकदा बघून ये. उघड्यावर मांडलेल्या रणगाड्यांना पुन्हा पुन्हा रंग देतात, त्यामुळं रंगाची छटा तिथून उचलू नकोस. बघायचं ते वेल्डिंगचे सांधे, हुकांची जाडी आणि धूळ साठेल असे कोपरे.