मूत्रपरीक्षेचा निर्वाळा कितपत ग्राह्य मानावा?

मूत्राशयाच्या कर्करोगातून उपचारांनी सावरलेला मनुष्य म्हणून परिचितांत माझे नाव झाल्यापासून, लघवीतून रक्त गेल्यामुळे धास्तावलेली माणसे हातात प्रयोगशाळेचा कागद घेऊन माझ्याकडे येतात, आणि त्यांतील बहुतेकांचा सवाल एकच असतो : ‘लघवीचा रिपोर्ट नॉर्मल आला आहे, मग आता दुर्बीण कशाला?’ मी वैद्यकशास्त्राचा पदवीधर नाही आणि औषधोपचार सुचविण्याचा मला अधिकारही नाही. परंतु रोग वेळीच सापडणे वा हातचा निसटणे हे पुष्कळदा या एकाच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असते, हे मी स्वतःच्या देहावर अनुभवले आहे, आणि म्हणून तो अनुभव व त्यानंतर तज्ज्ञांकडून समजून घेतलेली माहिती येथे तपशीलवार नमूद करणे मला कर्तव्य वाटते.

माझ्या लघवीतून पहिल्याने रक्त गेले तेव्हा वेदना नव्हती, जळजळ नव्हती, तापही नव्हता. रंग तेवढा लाल झाला आणि लवकरच आपोआप निवळला. ज्या डॉक्टरांकडे मी गेलो त्यांनी जंतुसंसर्गाचा अंदाज बांधून अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या, लघवीचे कल्चर करविले, आणि त्यात जंतूंची वाढ नाही असे कळल्यावर सायटॉलॉजी, म्हणजे लघवीत झडून आलेल्या पेशींची सूक्ष्मदर्शकाखालील पाहणी, करून घेण्यास सांगितले. अहवाल आला त्यात ‘उच्च श्रेणीच्या कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत’ अशा अर्थाची एक ओळ होती. डॉक्टरांनी त्या ओळीच्या उत्तरार्धाखाली पेनाने रेघ ओढली आणि म्हणाले, ‘काका, कॅन्सर नाही, निर्धास्त राहा.’ ओळीच्या प्रारंभीचे ‘उच्च श्रेणीच्या’ हे दोन शब्द वाचून दाखवण्याची तसदी कोणी घेतली नाही, आणि पुढील तपासणीची तजवीजही झाली नाही.

काही महिन्यांनी रक्त पुन्हा आले, या खेपेस गुठळ्यांसह, आणि आमच्या थोरल्या चिरंजीवांनी मला तडक मूत्रविकारतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी मूत्रमार्गात बधिरतेची जेली सोडून बारीक, लवचिक दुर्बीण आत सरकवली, तेव्हा शेजारच्या पडद्यावर मूत्राशयाची फिकट गुलाबी भिंत आणि तिच्यावरील रक्तवाहिन्यांचे जाळे दिसू लागले. आणि डाव्या मूत्रनलिकेच्या मुखाजवळ बारीक तंतूंचा एक झुबका, आत सोडलेल्या पाण्याबरोबर सावकाश हलत असलेला, मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. पुढे पोट न उघडता, मूत्रमार्गातूनच ती गाठ खरवडून काढण्यात आली, आणि तिच्या परीक्षणाचा निष्कर्ष निघाला तो असा की, रोग निम्न श्रेणीचा आहे, आतील अस्तरापुरताच मर्यादित आहे आणि स्नायूत उतरलेला नाही. लघवीतील पेशींच्या पाहणीत जो प्रकार सहसा दृष्टीस पडत नाही, नेमका तोच हा प्रकार होता.

माझी उभी हयात भूमी अभिलेखाच्या दफ्तरात गेली, आणि तेथील एक शिरस्ता मला या प्रसंगी वारंवार आठवतो. एखाद्या जमिनीवरील बोज्याचा शोध घेतला आणि तो सापडला नाही, तर आम्ही ‘या दफ्तरात नोंद आढळून येत नाही’ इतकाच दाखला देत असू. ‘बोजा नाही’ असा दाखला देण्याचा अधिकार कोणाही कारकुनाला नव्हता, कारण कोणते दप्तर धुंडाळले आणि कोणते धुंडाळले नाही हे लिहिल्यावाचून त्या नकाराला किंमत नसते. लघवीच्या अहवालातील नकारही याच स्वरूपाचा आहे, आणि तो त्याच सावधगिरीने वाचला पाहिजे.

असे का होते, याचे कारण रोगाच्या प्रकृतीतच आहे. लघवीतील पेशींवरून मूत्रमार्गाच्या कर्करोगाचे निदान करण्याची पद्धत जॉर्ज पापानिकोलाऊ आणि व्हिक्टर मार्शल यांनी १९४५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. उच्च श्रेणीच्या रोगात पेशींची परस्परांतील पकड सैल होऊन त्या विपुल प्रमाणात झडतात, आणि त्यांची केंद्रके मोठी, गडद व बेढब असल्यामुळे अनुभवी परीक्षकाच्या नजरेतून त्या सहसा सुटत नाहीत. निम्न श्रेणीच्या रोगातील पेशी मात्र एकमेकींना घट्ट धरून राहतात, आणि झडल्या तरी निरोगी पेशींहून त्या इतक्या थोड्या वेगळ्या असतात की निष्णात परीक्षकालाही त्या ओळखू येणे दुरापास्त होते. म्हणूनच २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पॅरिस पद्धतीने अहवाल लिहिताना उच्च श्रेणीचा रोग हुडकणे हेच या परीक्षेचे मुख्य प्रयोजन मानले आहे. तात्पर्य, ही परीक्षा जेव्हा ‘आहे’ म्हणते तेव्हा तिचे म्हणणे बहुधा खरे असते, आणि दुर्बिणीला भिंत निर्दोष दिसली तरी ते टाकून देऊ नये, कारण अस्तरात सपाट पसरलेला उच्च श्रेणीचा रोग डोळ्यांना चकवू शकतो किंवा रोग वर मूत्रनलिकेत अथवा मूत्रपिंडात असू शकतो. परंतु ती जेव्हा ‘नाही’ म्हणते, तेव्हा त्या नकारावर भिस्त ठेवता येत नाही.

त्यातही नमुना कसा दिला यावर पुष्कळ अवलंबून असते. साध्या तपासणीसाठी सकाळची पहिली लघवी मागण्याचा प्रघात असल्यामुळे लोक याही परीक्षेसाठी तीच बाटली घेऊन जातात. वस्तुतः रात्रभर साचलेल्या लघवीत पेशी कुजतात व त्यांचे रूप बिघडते, म्हणून त्यानंतरची ताजी, पुरेशी लघवी देणे आणि ती विनाविलंब प्रयोगशाळेत पोहोचविणे इष्ट असते. मूतखडा, जंतुसंसर्ग किंवा नुकतीच झालेली दुर्बिणीची तपासणी यांमुळेही पेशींचे स्वरूप पालटते, यास्तव या गोष्टी नमुन्याबरोबरच्या कागदावर लिहून देण्याचा आग्रह रुग्णाने स्वतः धरावा.

अलीकडे लघवीतील विशिष्ट द्रव्ये मोजणाऱ्या नव्या परीक्षाही उपलब्ध झाल्या आहेत. एनएमपी२२ ही परीक्षा पेशीच्या केंद्रकातील एक प्रथिन मोजते, तर फिश ही परीक्षा ३, ७ आणि १७ या क्रमांकांच्या गुणसूत्रांतील व ९ क्रमांकाच्या गुणसूत्राच्या एका भागातील फेरफार पाहते. यांतील काही परीक्षा निम्न श्रेणीचा रोग सायटॉलॉजीपेक्षा अधिक वेळा पकडतात हे खरे, परंतु एनएमपी२२सारख्या परीक्षा खडा, संसर्ग किंवा नुसते रक्त असतानाही धोक्याची सूचना देऊ शकतात. माझ्यावर देखरेख चालू असता एकदा अशीच परीक्षा सदोष आली आणि घरातील सर्वांची झोप उडाली. दुर्बिणीत काहीच सापडले नाही, आणि अखेरीस साधा जंतुसंसर्ग निघाला. समजा, १००० माणसांत १० जणांना रोग आहे. परीक्षा त्या १० पैकी ८ जणांचा रोग ओळखते आणि निरोगी ९९० पैकी १० टक्क्यांना चुकून दोषी ठरविते. मग ८ खऱ्या रुग्णांबरोबर ९९ निरोगी माणसे नाहक धास्तावतील, आणि २ रुग्ण निर्धास्त होऊन घरी जातील. परीक्षा कितीही चांगली असो, या हिशेबातून तिची सुटका नाही, आणि म्हणून अखेरचा फैसला दुर्बिणीकडेच जातो.

त्या दुर्बिणीची लोकांना वाटणारी धास्ती मी समजू शकतो. माक्स निट्झे याने १८७९ साली व्हिएन्नात मूत्राशय पाहण्याची प्रकाशयुक्त दुर्बीण दाखविली, तेव्हापासून या उपकरणात पुष्कळ सुधारणा झाली आहे. लवचिक दुर्बिणीची तपासणी बधिरतेच्या जेलीवर काही मिनिटांत आटोपते, आणि त्यानंतर थोडी जळजळ व क्वचित किंचित रक्त याखेरीज सहसा त्रास होत नाही. मूत्रपिंडे व मूत्रनलिका यांच्यासाठी सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन यांची जोड मात्र द्यावी लागते, कारण दुर्बीण मूत्राशयाच्या वर पाहत नाही.

आता ज्यांच्यावर हा प्रसंग आला आहे त्यांना माझे सांगणे आहे. डोळ्यांना दिसेल असे रक्त एकदाच गेले आणि थांबले, तरी ते थांबणे म्हणजे रोगमुक्ती नव्हे, कारण या गाठी अधूनमधूनच रक्त सोडतात. तेव्हा मूत्रविकारतज्ज्ञांची गाठ घेतलीच पाहिजे. संसर्ग सिद्ध झाला तर औषध जरूर घ्यावे, परंतु त्यानंतर लघवी पुन्हा तपासून रक्त नाहीसे झाल्याची खातरजमा करावी. कल्चरमध्ये जंतू नसताना गोळ्यांची पाठोपाठ दुसरी खेप घेत बसू नये. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असल्या तरी सगळा दोष त्यांच्यावर ढकलून तपास टाळू नये. स्त्रियांनी विशेष जपावे, कारण त्यांचे रक्त पाळीचे किंवा संसर्गाचे मानले जाऊन निदानास विलंब होतो. रक्त डोळ्यांना दिसत नसून केवळ सूक्ष्मदर्शकाखाली आढळले असेल, तर वय व तंबाखूचे व्यसन पाहून पुढील तपास ठरतो. अमेरिकेतील मूत्रविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात अशा रुग्णांच्या प्राथमिक तपासात सायटॉलॉजी वा लघवीतील इतर खुणांच्या परीक्षा वापरू नयेत असे स्पष्ट म्हटले होते.

विडी, सिगारेट ओढणाऱ्यांनी तर अधिकच सावध असावे, कारण या रोगाच्या कारणांत धूम्रपान अग्रभागी आहे. आणि रंग किंवा रबराच्या कारखान्यात ज्यांची नोकरी झाली त्यांनी तो तपशील डॉक्टरांना आवर्जून सांगावा, कारण रंगद्रव्यांच्या कामगारांतील या रोगाकडे लुडविग रेन या जर्मन शल्यविशारदाने १८९५ सालीच लक्ष वेधले होते, आणि जुन्या संपर्काचा परिणाम अनेक वर्षांनीही उद्भवतो.

ज्यांची गाठ काढून झाली आहे त्यांनी देखरेखीच्या मुदती चुकवू नयेत, कारण हा रोग उलटण्याची प्रवृत्ती मोठी आहे. मधल्या काळात लघवीचा अहवाल निर्दोष आला म्हणून ठरलेली दुर्बीण रद्द करणारी माणसे मी पाहिली आहेत, आणि त्यांना मी दर वेळी हेच विनवितो की अहवालातील ओळ शेवटच्या शब्दापर्यंत वाचा, तिने काय पाहिले व काय पाहिले नाही हे डॉक्टरांना तोंडावर विचारा, आणि अहवाल निर्दोष असला तरी दुर्बिणीची तारीख ठरवून घेतल्याशिवाय दवाखान्याची पायरी उतरू नका.