फिन्निश म्हण तोंडात येण्याआधी

फिनलंडमध्ये कामासाठी आलेल्या आपल्याकडच्या मुलामुलींना मी एक गोष्ट कळकळीने सांगते. संकट, हाल, दुःख यांवरच्या फिन्निश म्हणी खुशाल पाठ करा, पण ती म्हण कोण, कुणाला, कुठल्या वेळी म्हणतं हे कानांनी ऐकल्याशिवाय तोंडातून काढू नका. भाषेच्या वर्गात मिळणाऱ्या यादीत डावीकडे म्हण असते, उजवीकडे अर्थ असतो. ती कुणाला म्हणायची, हे कुठेच नसतं. आणि माणसं दुखावतात ती नेमकी त्यावरूनच.

मी ताम्परेमध्ये वृद्धांच्या घरी जाऊन त्यांची शुश्रूषा करणाऱ्या पथकात आहे. आमच्याकडे एक नवी मुलगी आली होती, माझ्यासारखीच परदेशातून आलेली, अभ्यासू. त्याच सुमारास पथकातल्या एका बाईंची आई वारली. रजा संपवून त्या कामावर आल्या, कॉफीच्या खोलीत बसल्या, आणि कप तोंडाला लावायच्या आतच त्यांचे डोळे भरून आले. या मुलीने जवळ जाऊन त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि वर्गात शिकलेलं वाक्य म्हटलं, 'एइ आउता इत्कु मार्क्किनोइल्ला'. म्हणजे, बाजारात रडून काही उपयोग नाही. तिला म्हणायचं होतं, धीर धरा. समोरच्या बाईंच्या कानावर पडलं, आता रडणं पुरे. त्या काही बोलल्या नाहीत. भरलेला कप बेसिनमध्ये रिकामा केला, जॅकेट चढवलं, पुढच्या घराच्या किल्ल्या उचलल्या आणि निघून गेल्या. मुलीच्या मनात मायाच होती, उच्चारही चोख होता. मी तिला दोष देत नाही. ज्यांनी यादी तिच्या हातात दिली, त्यांनी हे सांगायला हवं होतं.

म्हण वाईट नाही. भर थंडीत बस डोळ्यांदेखत निघून गेली, सुट्टीच्या दिवशी कामावर बोलावणं आलं, तर आमच्यातलं कुणीही हेच म्हणतं आणि बाकीचे मान डोलावतात. कारण तिथे त्रास सगळ्यांचा असतो, किंवा बोलणाऱ्याचा स्वतःचा असतो. मला इतक्या वर्षांत समजलेली खूण हीच आहे: सोसण्याच्या, कणखरपणाच्या म्हणी फिन्निश माणूस स्वतःला उद्देशून म्हणतो. दुसऱ्यावर दुःख कोसळलं की त्या बाजूला ठेवतो.

माझ्याकडे एक आजी आहेत, नव्वदीच्या. लहानपणी कारेलियातून उठून आलेल्या. युद्धात तो मुलूख सोव्हिएत संघाकडे गेला आणि चार लाखांहून अधिक माणसांना घरदार सोडावं लागलं, त्यांतलंच त्यांचं कुटुंब. सकाळी खुर्चीतून उठताना त्या चाकांच्या वॉकरचे ब्रेक आधी लावतात, दोन्ही मुठी आवळतात, एक श्वास घेतात आणि म्हणतात, 'एतेनपॅइन, सानोइ मुम्मो लुमेस्सा'. पुढे चला, म्हणाली आजी बर्फात. मग उठतात. हे वाक्य त्यांच्या गुडघ्यांसाठी असतं. माझ्या वडिलांच्या आजारपणाची बातमी गावाहून आली त्या दिवशी माझा चेहरा पाहून त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तेव्हा त्यांनी ती म्हण काढली नाही. माझा हात धरून एवढंच म्हणाल्या, 'वोइमिया'. बळ मिळो.

हा भेद फार जुना असावा असं मला वाटतं. रूनेबेर्ग या फिनलंडच्या कवीने 1830 मध्ये स्वीडिशमध्ये लिहिलेली, सारियॅर्वीच्या पावो नावाच्या शेतकऱ्याची कविता इथल्या शाळांतून पिढ्यान् पिढ्या शिकवली गेली. हिमकडाक्याने पावोचं पीक पुन्हा पुन्हा जातं, तो भाकरीच्या पिठात पाइनच्या सालीचं पीठ मिसळून दिवस काढतो. शेवटी पीक हाती येतं, बायको आनंदते, तरी तो साल मिसळायलाच सांगतो, कारण आता शेजाऱ्याचं शेत गोठलेलं असतं. कणखरपणा स्वतःच्या ताटात, धान्य शेजाऱ्याला. कवितेनंतर काही दशकांनी, 1866 ते 1868 च्या दुष्काळात, या छोट्या देशात दीड लाखांच्या आसपास माणसं दगावली आणि सालीची भाकरी खरोखरच घराघरांत खाल्ली गेली. अशा देशात सोसण्याचे शब्द कुणी दुसऱ्याच्या अंगावर सहज टाकत नाही.

मग दुसऱ्याला काय म्हणायचं? कुणी वारलं असेल तर 'ओतान ओसा', मी तुमच्या दुःखात सहभागी आहे. आजारपण, घटस्फोट, लांबलेली अडचण असेल तर 'वोइमिया'. परीक्षा, मुलाखत, नवी नोकरी असेल तर 'त्सेम्पिअॅ'. हा उमेद देणारा शब्द आहे, सुतकाच्या घरी तो नेऊ नका. 'क्युल्लॅ से सीतॅ', म्हणजे होईल हळूहळू ठीक, हे दिवसभर कानावर पडतं आणि मला ते फार आवडतं, पण मोठ्या दुःखाच्या पहिल्या दिवसांत तेही थांबवून ठेवावं. आणि मुख्य म्हणजे, शब्द बोलून झाला की गप्प बसावं. आपल्याकडे समाचाराला गेलं की कसं झालं, कधी झालं, शेवटी कोण जवळ होतं, सगळं विचारलं जातं, आणि त्यात ओलावा असतो. इथे एक शब्द आणि शेजारी बसून राहणं, यातच तो ओलावा पोचतो.

आता थोडं व्याकरण, कारण मराठी माणसाची इथे हमखास गफलत होते. आपण 'मी अडचणीत आहे' म्हणतो आणि 'मी अडचणीत आलो' म्हणतो; दोन्हीकडे तोच 'त'. फिन्निशमध्ये आत असणं वेगळं आणि आत जाणं वेगळं. अडचणीत आहे तर 'ओलेन पुलास्सा', अडचणीत सापडले तर 'योउदुइन पुलाऽन'. उघड्यावर असणं 'पुइल्ला पाल्याइल्ला', उघड्यावर पडणं 'पुइल्ले पाल्याइल्ले'. म्हणून वाक्प्रचार सुटा पाठ करू नका, क्रियापदासकट करा. आपल्या 'आगीतून फुफाट्यात'साठी त्यांचं 'ओयास्ता आल्लिक्कोन' आहे, चरातून डबक्यात. त्यात निघणं आणि पडणं दोन्ही येऊन जातं, तेव्हा जोडी तोडायचीच नाही.

काही शब्द तोंडात लवकर बसतात आणि तेच धोक्याचे असतात. तरुण सहकारी अडचणीत असण्याला 'कुसेस्सा' म्हणतात. ते मुताच्या शब्दावरून आलेलं आहे. बरोबरीच्यांत चालतं; वरिष्ठांपुढे, रुग्णाच्या नातेवाइकांपुढे नाही. शंका आली की 'किएलितोइमिस्तोन सानाकिर्या' हा फिन्निश कोश उघडावा, इंटरनेटवर तो फुकट आहे. शब्दापुढे 'आर्क.' अशी खूण दिसली तर तो बोलीतला, घरगुती समजावा.

आणि एखादी म्हण लगेच वापरायचीच असेल, तर 'कान्तापॅऽन काउत्ता' घ्या. टाचेच्या वाटेने शिकणं, म्हणजे ठेच लागून शहाणं होणं. लहानथोर सगळे ती म्हणतात, तिचं रूप बदलत नाही आणि ती आपल्या स्वतःच्या अनुभवाबद्दल असते. नोकरीच्या मुलाखतीत जुन्या कामातली एखादी अडचण सांगून झाली की 'ओपिन सेन कान्तापॅऽन काउत्ता' म्हणा आणि पुढच्या प्रश्नाची वाट पाहा.