वेगमर्यादेचे अर्थशास्त्र : भिलाईतील दुचाकी वाहतूक

सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या भिलाई पोलाद कारखान्यातील पहिली झोतभट्टी 1959 मध्ये सुरू झाली. छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यातील हे शहर कारखान्याभोवती, सेक्टरांच्या आखीव रचनेत वाढले. कारखान्याचे काम पाळ्यांमध्ये चालत असल्याने पाळी बदलताना स्कूटर व मोटारसायकलींची गर्दी रस्त्यावर एकवटते. शहरातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 53 वर अवजड वाहनांचीही वर्दळ असते. अशा शहरात वेगमर्यादा हा वाहतूक शिस्तीइतकाच अर्थकारणाचाही विषय ठरतो.

बचत किती, धोका किती?

घर ते कारखाना हे अंतर 5 किलोमीटर मानल्यास ताशी 40 किलोमीटर वेगाने साडेसात मिनिटे, तर ताशी 60 किलोमीटर वेगाने पाच मिनिटे लागतात. म्हणजेच कमाल बचत अडीच मिनिटांची. चौकातील थांबे विचारात घेता ती आणखी घटते.

आता धोका पाहू. चालकाचा प्रतिक्रियाकाल एक सेकंद आणि ब्रेक लावल्यावर वेग दर सेकंदाला 5 मीटर प्रतिसेकंद घटतो, असे मानू. ताशी 40 किलोमीटर वेगाची दुचाकी सुमारे साडेतेवीस मीटरवर थांबते. ताशी 60 किलोमीटर वेगाच्या दुचाकीस सुमारे साडेचव्वेचाळीस मीटर लागतात. जेथे पहिला चालक थांबतो, तेथे दुसऱ्याचा वेग अद्याप ताशी सुमारे 52 किलोमीटर असतो. आघात होतो तो याच वेगाने.

वेगाचा लाभ चालकास मिळतो. परंतु पादचाऱ्याची इजा, रुग्णालयावरील भार व कुटुंबाचे बुडालेले उत्पन्न यांचा भार इतरांवर पडतो. अर्थशास्त्रात यालाच ‘बाह्य खर्च’ म्हणतात. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार 2022 मध्ये देशात रस्ते अपघातांत 1,68,491 व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. त्यांपैकी सुमारे 44.5 टक्के दुचाकीवरील होत्या. हेल्मेट नसलेल्या मृतांची संख्या 50,029 होती.

कायदेशीर चौकट

मोटार वाहन अधिनियम, 1988 मधील कलम 112 वेगमर्यादेशी, तर कलम 129 हेल्मेटशी संबंधित आहे. सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विशिष्ट रस्त्यावर मर्यादा ठरविण्याचा अधिकार कलम 112 अन्वये राज्य शासनास आहे. 2019 च्या दुरुस्तीने हेल्मेट न वापरल्यास 1,000 रुपये दंड व तीन महिने अनुज्ञप्ती अपात्रतेची तरतूद केली. चार वर्षांखालील बालकास दुचाकीवर नेताना वेग ताशी 40 किलोमीटरपेक्षा अधिक नसावा, हा नियम 2022 मध्ये अधिसूचित होऊन 2023 पासून अमलात आला. 250 वॉटपेक्षा कमी शक्तीच्या व ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी वेगाच्या विजेवरील दुचाकी मात्र, विहित अटी पूर्ण केल्यास, ‘मोटार वाहन’ या व्याख्येबाहेर राहतात.

समारोप

दंड हा बाह्य खर्च चालकाच्या निर्णयात आणण्याचा एक मार्ग आहे. तथापि, केवळ दंड पुरेसा नाही. पाळ्यांच्या वेळांत अंतर ठेवणे, कामगारांसाठी बससेवा, अवजड वाहनांपासून दुचाकींची स्वतंत्र मार्गिका आणि शाळा-बाजारांजवळ कमी वेगमर्यादा या उपायांची जोड आवश्यक आहे. अडीच मिनिटांच्या बचतीसाठी समाजाने कमावत्या व्यक्तीचा जीव मोजणे, हे कोणत्याही हिशेबात तोट्याचेच आहे.