जुन्या वस्तूंची साक्ष

इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे राजे, लढाया आणि तह उभे राहतात. परंतु इतिहासाचा फार मोठा भाग आपल्याच घराच्या माळ्यावर धूळ खात पडलेला असतो, ही गोष्ट आपल्या ध्यानी येत नाही.

माझ्याही ती उशिराच ध्यानी आली. पेडणे तालुक्यातील आमच्या जुन्या घरी पितळी पट्ट्यांचा एक लाकडी कुडव होता. सुगीच्या दिवसांत आजोबा त्याने भात मोजीत. वीस कुडव झाले की एक खंडी भरे. पुढे घर उतरविण्याची वेळ आली, तेव्हा फुटक्या घंगाळाबरोबर तो कुडव मी स्वतःच्या हातांनी मोडीत दिला. त्याच्या काठावर एक खाच होती. ती कशासाठी होती, हे आजीला ठाऊक असावे. पण मी तिला कधी विचारले नाही. आज कुडवही नाही आणि आजीही नाही. गेल्या वर्षी मी वर्गात ‘कुडव म्हणजे काय?’ असा प्रश्न केला, तेव्हा एकही हात वर झाला नाही. वस्तू गेली की तिच्या पाठोपाठ शब्दही जातो, आणि शब्दाबरोबर एक सबंध व्यवहार विस्मरणात जातो.

हे आपल्या म्हापशात घडावे, ही विशेष खेदाची गोष्ट आहे. शुक्रवारच्या बाजारामुळे सर्व गोव्यात प्रसिद्ध असलेल्या या गावाचे नावच ‘माप’ या शब्दावरून पडले, असे लोक सांगतात. ही लोकांची समजूत झाली. ती खरी मानण्यास पुरावा हवा. याउलट डिचोली तालुक्यातील नार्वे येथील श्रीसप्तकोटेश्वराचे देवालय पाहा. त्याचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी शके १५९० मध्ये, म्हणजे इ. स. १६६८ साली करविला, हे तेथील शिलालेखच सांगतो. दंतकथा आणि पुरावा यांतील हा भेद ज्याला उमगला, त्याने इतिहासाचा पहिला धडा गिरविला असे समजावे.

पुरावा सांभाळण्याचे काम केवळ सरकारचे नव्हे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी जुन्या दप्तरांसाठी गावोगाव पायपीट केली आणि ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचे बावीस खंड प्रसिद्ध केले. १९१० साली त्यांच्याच पुढाकाराने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९२६ च्या अखेरीस धुळे येथे त्यांचे देहावसान झाले. पुढच्याच वर्षी धुळेकरांनी त्यांच्या नावे संशोधन मंडळ स्थापिले आणि त्यांचा संग्रह जतन केला. आपल्या गोव्यातील पिसुर्ले गावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर (१८९४–१९६९) यांनी पणजीच्या पुराभिलेखागारात आयुष्य वेचून पोर्तुगीज दप्तरांतील मराठ्यांचा इतिहास उजेडात आणला.

कागदांप्रमाणे वस्तूंचेही आहे. पुण्याच्या दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, भांडी, वाद्ये अशा घरगुती वस्तू हयातभर जमविल्या आणि बालवयात वारलेल्या आपल्या राजा या पुत्राच्या नावे संग्रहालय उभारले. पुढे त्यांनी ते महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केले. दूर स्वीडन देशात आर्थर हाझेलियस यांनी, यंत्रयुगात खेड्यांतील जुनी राहणी लोपू लागलेली पाहून, १८९१ साली स्टॉकहोम येथे ‘स्कान्सेन’ हे उघड्यावरील संग्रहालय स्थापिले. तेथे जुनी घरेच्या घरे आणून पुन्हा उभी केली आहेत, आणि तेथे लोकनृत्ये व सणही साजरे होतात. आपल्या बाणावलीतील ‘गोवा चित्र’ या संग्रहालयात नांगर, घाणे, मापे, भांडी अशी हजारो साधने आहेत. पाडलेल्या जुन्या घरांची दारे-खिडक्या त्याच्या बांधकामात वापरली आहेत.

परंतु वस्तू कपाटात मांडल्या की काम संपले असे नाही. पुण्याच्या मंडळात पाक्षिक सभा भरवून निबंध वाचण्याची आणि त्यांवर वादविवाद करण्याची परंपरा पडली, ती याच जाणिवेने. चार माणसे एकत्र आली म्हणजे वस्तू बोलू लागते. याचा अनुभव आम्हांसही आला. कुडवाच्या त्या प्रश्नानंतर मुलांनी घरोघरच्या वस्तू आणून एका वर्गात मांडल्या आणि वडीलधाऱ्यांना पाहावयास बोलाविले. करवंटीच्या एका डावासमोर मुलांनी ‘पळी’ अशी चिठ्ठी लावली होती. एका विद्यार्थिनीची आजी ती वाचून हसली. “बाळांनो, ही पळी नव्हे, हा दोवलो. मातीच्या मडक्यात पेज ढवळायची, तर धातूची पळी कशी चालेल? मडके खरवडून निघेल ना!” मुलांनी तत्काळ चिठ्ठी बदलली. त्या एका वाक्यात वस्तूचे नाव, तिचा उपयोग आणि त्यामागील शहाणपण, तिन्ही आम्हांस लाभली. हे कोणत्याही पुस्तकातून आम्हांस मिळाले नसते.

म्हणून आपल्या घरची जुनी वस्तू हाती आली की वहीत पाच गोष्टी टिपून ठेवा : तिचे घरातील बोलीतले नाव व मराठी नाव, ती कशाची बनविली आहे, कोण, केव्हा व कसे वापरीत असे, ती घरात कोठून आली, आणि ही माहिती कोणी, कोणत्या दिवशी सांगितली. ऐकीव माहितीपुढे ‘ऐकीव’ असे लिहिण्यास संकोच करू नका. लेख किंवा अक्षरे असल्यास जशीच्या तशी उतरून घ्या. वस्तू घासूनपुसून चकचकीत करण्याची घाई मात्र करू नका. तिच्यावरील झीज व डागसुद्धा साक्षीदारच असतात.

या कामाला पैसा लागत नाही. एक वही, एक लेखणी आणि थोडी जिज्ञासा पुरे. आज संध्याकाळी घरी गेल्यावर आजी-आजोबांजवळ बसा आणि एकच वस्तू हाती घेऊन तिची कहाणी विचारा. मी विचारले नाही, त्याची रुखरुख मला जन्मभर राहील. ती तुमच्या वाट्याला येऊ नये.