पायवाटेवरचा मुक्काम : गरम झऱ्याच्या धंद्याचा हिशेब

नांदेड जिल्ह्याच्या किनवट तालुक्यातील उनकेश्वरचे गंधकाचे गरम झरे आपल्याकडे बहुतेकांनी ऐकलेले असतात. माहूरला सोनापीर दर्ग्याला जाणाऱ्यानेही वाट थोडी वाकडी केली की ते गाठता येतात. पण झऱ्याच्या गावी गिऱ्हाईक तासाभरात आंघोळ उरकून परतले, तर चहावाल्यापलीकडे कुणाच्या हाती काय लागणार? धंदा उभा राहतो तो रात्रीच्या मुक्कामावर. मुक्काम कसा विकावा याचा धडा जपानच्या डोंगरातून घेण्यासारखा आहे.

तेथे ताकामागाहारा नावाचे गरम पाण्याचे ठिकाण आहे. मोटार जात नाही, आगगाडी नाही. दोन दिवस डोंगर तुडवीत चालायचे, तेव्हा तो मुक्काम येतो. आणि तेथून आणखी थोडे उतरले की झऱ्याचे कुंड. बर्फामुळे धंदा फक्त उन्हाळ्याच्या मोसमात. ओझे नावाच्या दुसऱ्या एका पाणथळ भागातही पायीच जावे लागते. योगायोग पाहा, नाव ओझे आणि तेथील हमाल 70-80 किलो माल पाठीवर घेऊन लाकडी फळ्यांच्या वाटेने मुक्कामापर्यंत नेतात. तेथे स्नानाला साबण चालत नाही, कारण सांडपाण्याने दलदल नासते. कचरा पाहुण्याने स्वतःबरोबर परत न्यायचा, ही रीत 1972 पासून. पाहुणा कुरकुरत नाही, कारण त्याला हे घरूनच ठाऊक असते.

जेथे कांदाही पाठीवरून येतो, तेथे अंदाजाने स्वयंपाक करून चालत नाही. म्हणून आधी नाव नोंदवा, आणि भाव एकच : एक रात्र, दोन जेवणे. घासाघीस नाही, की मागाहून बिलात वाढ नाही. आपल्याकडे हा हिशेब कसा बसेल ते पाहू. आकडे केवळ उदाहरणाचे आहेत.

समजा, तीन खोल्या भाड्याने घेतल्या. भाडे-डागडुजी मिळून महिना 12,000 रुपये. एका कुटुंबाकडून रात्रीचे 1,200 घेतले. त्यातून जेवण-नाश्ता 450, गादी-चादरीची धुलाई 100, पाणी-वीज-सफाई 150, मजुरी 200. उरले 300. म्हणजे महिन्याच्या 90 खोली-रात्रींपैकी 40 भरल्या तर भाडे निघाले; नफा एकेचाळिसाव्या रात्रीपासून. आणि सांगून न आलेल्या एका कुटुंबाचे जेवण वाया गेले, तर गेले 450, म्हणजे दीड मुक्कामाची कमाई. थोडी रक्कम आगाऊ घेण्यात संकोच करणाऱ्याने हा आकडा भिंतीवर लिहून ठेवावा.

या 900 रुपयांच्या खर्चात पिंजाऱ्याच्या गादीला, भटाऱ्याला, धोब्याला, गवंड्याला काम आहे. लातूर-नांदेडचा सुतार किंवा पत्रेवाला तेथे राहायला जाणार नाही. पण घड्यांच्या खाटा, न्हाणीची दारे तो पुरवू शकतो.

न्हाणीचा विचार वेगळा करावा लागेल. जपानी रीतीने कुंडात उतरण्याआधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुतात आणि कपड्यांविना उतरतात, बायका-पुरुष वेगवेगळे. आपल्या घरच्यांना हे रुचणार नाही. पण तेथील कित्येक मुक्कामांत आतून कडी लावता येणारी कौटुंबिक न्हाणीही असते, तासावर भाड्याने. पडदा पाळणाऱ्या कुटुंबासाठी अशी न्हाणी माझ्या मते खोलीपेक्षाही मोठी कमाई देईल. (कुणी जपानला गेलाच, तर जेवणाचे आधी कळवावे, तेथे भाजीच्या रश्श्यातही तांदळाची दारू पडते, आणि डोंगरात ऐनवेळी दुसरे काही मिळत नाही.)

जपानमध्ये 1948 पासून गरम झऱ्यांचा कायदा आहे. झऱ्याचे पाणी 25 अंशांहून गरम असावे, नाहीतर ठरलेल्या द्रव्यांपैकी एखादे त्यात पुरेसे असावे. पाण्यात काय आहे व कुणी उतरू नये, याची पाटी लावावी लागते, आणि 2007 च्या दुरुस्तीपासून दर दहा वर्षांनी पाणी पुन्हा तपासावे लागते. स्नानाचा करही आहे, साधारण 150 येन. त्याचा पैसा झरा राखण्यासारख्या कामांसाठी असतो. आपल्याकडे उलट, "खरूज, कोड बरे" अशा पाट्या लावण्याचा मोह होतो. तो टाळा. कोडासारख्या रोगांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा 1954 पासून आहे. त्याऐवजी पाण्याचा तपासणी दाखला चौकटीत लावा.

खोली ठरवण्यापूर्वी ग्रामपंचायत आणि देवस्थान यांच्याशी बसून बोला : पाणी किती घ्यायचे, कोठून घ्यायचे, सांडपाणी कोठे सोडायचे. 2016 साली लातूरला आगगाडीने पाणी आणावे लागले होते, तेव्हा पाण्याचा करार तोंडी ठेवू नये हे आपल्या भागाला वेगळे सांगायला नको. ते लिहून झाले की मग गाद्यांची मागणी द्यावी.