थरावरून पडलेल्या मुलाला उचलू नका

प्रश्न : माझा १६ वर्षांचा मुलगा गोविंदा पथकात आहे. सरावात एक मुलगा वरच्या थरावरून पडला, तेव्हा पोरांनी त्याला उचलून रिक्षात बसवलं. हे योग्य होतं का?

उत्तर : नाही. प्रेमापोटी होणारी ही घाईच सर्वांत घातक ठरते. मानेचा मणका मोडला असेल, तर उचलताना मज्जारज्जूला इजा होऊन हातपाय कायमचे लुळे पडू शकतात. मुलाला आहे तिथेच राहू द्या. एकाने डोकं दोन्ही हातांनी स्थिर धरावं, दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. पाणी पाजू नका. उलटी झाली तर डोकं, मान, पाठ एका रेषेत ठेवून तिघाचौघांनी मिळून कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल, तर मात्र मणक्याची काळजी बाजूला ठेवून छातीवर दाब द्यायला लागा.

दहा फुटांवरून पडलेला मुलगा हसत उठला, तरी त्याला रुग्णालयात न्याच. प्लीहा फाटून पोटात रक्तस्राव होत असतानाही या वयात रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो आणि मग एकदम कोसळतो. मुंग्या, बधिरपणा असेल, तर एक्स-रे चांगला आला तरी एमआरआयबद्दल डॉक्टरांना विचारा.

सरावाच्या जागी मॅट आणि हेल्मेट नसेल, तर मुलाला पाठवू नका.