बेरीज कमी का येते? खाते क्रमांक का बदलतो?
संगणकावर गटाची यादी ठेवताना



आता बऱ्याच ग्रामसंघांकडे संगणक किंवा लॅपटॉप आहे. काही जणींच्या घरी तो मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेला असतो, आणि रात्री जेवणं आटोपली की त्याच्यावरच गटाची यादी तयार होते. बँकेला सदस्यांची यादी हवी, फिरत्या निधीसाठी खाते क्रमांक हवेत, लेखापाल ताईंना महिन्याची बचत हवी. सगळं एक्सेलमध्ये. शिकायला दोन दिवस मिळालेले असतात, बाकी आपण आपलं करत करत शिकतो. ते चांगलंच आहे. पण एक्सेलच्या काही खोडी अशा आहेत की त्या कुणी सांगितल्याशिवाय कळत नाहीत, आणि तोपर्यंत गटात कुरबुर सुरू झालेली असते.

समजा, गटात ११ जणी आहेत आणि दरमहा प्रत्येकी २०० रुपये बचत. बेरीज २,२०० यायला हवी. संगणक दाखवतो २,०००. नावं ११, प्रत्येकीपुढे रक्कम आहे, पडद्यावर सगळं बरोबर दिसतंय, तरी २०० कमी. मग बैठकीत कुणीतरी हळूच म्हणतं, "संगणक कसा चुकेल?" आणि सगळ्यांची नजर जाते ती सचिव नाहीतर कोषाध्यक्ष ताईकडे. खरं तर तिने पैसे बरोबर मोजलेले असतात. चुकलेली असते ती आकडा लिहायची पद्धत.

आपल्याला वहीत "२००/-" लिहायची सवय आहे. कुणी मागे खाडाखोड करू नये म्हणून ती सवय चांगलीच. पण एक्सेलमध्ये आकड्यापुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ टाकली, किंवा "२०० रु." असं लिहिलं, की एक्सेलच्या लेखी तो आकडा राहत नाही. ते झालं अक्षर. जसं "सुनीता" हे नाव, तसंच "२००/-". आणि बेरीज करताना एक्सेल अक्षरांना गुपचूप सोडून देतं. ओरडत नाही, लाल रंग दाखवत नाही, नुसतं पुढे जातं. शून्याच्या जागी इंग्रजी ओ टाकला, तरी हेच होतं.

ओळखायचं कसं? आकडा चौकटीच्या उजव्या बाजूला चिकटलेला असेल तर तो आकडा. डाव्या बाजूला चिकटला असेल तर तो अक्षर. आपण मुद्दाम मध्यभागी वगैरे केलेलं नसेल तर हा नियम चालतो. म्हणून रकमेचा रकाना कधीही मधोमध करू नका. दिसायला छान दिसतं, पण चूक झाकली जाते. आकडे इंग्रजी अंकांतच टाका. मराठी कीबोर्डने टाकलेले अंक एक्सेल आकडे म्हणून धरेलच असं नाही. धरले की नाही ते डावी-उजवी बाजू बघून लगेच कळतं.

अजून एक खात्रीची खूण. सगळ्या रकमा माउसने ओढून निवडा आणि पडद्याच्या अगदी खालच्या पट्टीकडे बघा. तिथे 'काउंट' म्हणजे किती चौकटी भरलेल्या आहेत आणि 'सम' म्हणजे त्यांची बेरीज दिसते. त्या पट्टीवर उजवं बटण दाबलंत तर एक यादी उघडते, त्यात 'न्यूमेरिकल काउंट' म्हणून आहे, त्याच्यावर खूण करा. आता पट्टीवर काउंट ११ आणि न्यूमेरिकल काउंट १० दिसला, तर एकीची रक्कम अक्षर झाली आहे. ती शोधायला पाच मिनिटं लागत नाहीत.

दुरुस्ती सोपी आहे. रकमेचा रकाना निवडा, कंट्रोल दाबून धरून एच दाबा. दोन पट्ट्या येतात. वरच्या पट्टीत /- लिहा, खालची रिकामी ठेवा आणि 'रिप्लेस ऑल' करा. सगळीकडची /- एका दमात जाते आणि आकडे उजवीकडे सरकतात. छापील कागदावर "रु." हवंच असेल तर ते रकान्याच्या मथळ्यात एकदाच लिहा, "बचत (रुपये)" असं.

बेरजेसाठी ऑटोसमचं बटण वापरत असाल, तर एंटर दाबण्याआधी क्षणभर थांबा. हलणारी तुटक रेघांची चौकट दिसते. तेवढ्याच आकड्यांची बेरीज होणार असते. मध्ये एखादी चौकट रिकामी राहिली असेल, म्हणजे एखाद्या ताईने त्या महिन्यात बचत भरली नसेल, तर ती चौकट तिथेच अडते आणि वरच्या बायका हिशोबाबाहेर राहतात. म्हणून न भरलेल्या बचतीच्या जागी ० टाका, रिकामं सोडू नका. आणि चौकटीत #### असं दिसलं तर घाबरू नका. रकाना अरुंद झालाय एवढंच. वरच्या अक्षरांमधल्या रेघेवर दोनदा क्लिक करा, रुंद होतो.

आता खाते क्रमांकाकडे वळू. बेरीज चुकली तर वही उघडून दुरुस्त करता येते. खाते क्रमांक चुकला तर पैसे परत येतात आणि पंधरा दिवस हेलपाटे होतात. किंवा त्याहून वाईट म्हणजे, तो क्रमांक खरोखर कुणाचा तरी असेल तर पैसे त्याच्या खात्यात जातात. पैसे पाठवताना यंत्रणा पाहते ती मुख्यतः क्रमांक. यादीत तुमचं नाव बरोबर आहे यावर विसंबून राहता येत नाही.

एक्सेलला खाते क्रमांक म्हणजे काय ते कळत नाही. ते त्याला रक्कम समजतं. रकमेच्या आधीच्या शून्याला काही किंमत नाही, म्हणून खाते क्रमांक ० ने सुरू होत असेल तर ते शून्य गायब होतं. क्रमांक १२ अंकी किंवा मोठा असेल तर तो आखडून दाखवला जातो, मध्येच टिंब, शेवटी ई आणि अधिकचं चिन्ह. आणि सगळ्यात फसवं म्हणजे, एक्सेल आकड्याचे फक्त १५ अंक लक्षात ठेवतं. काही बँकांचे खाते क्रमांक १६ अंकी असतात. तसा क्रमांक टाकून एंटर दाबलं की शेवटचा अंक ० होतो. ७ असो, ३ असो, शून्य. यादीत सगळ्यांचे क्रमांक शून्याने संपत असतील तर समजून जा.

उपाय क्रमांक टाकायच्या आधी करायचा. रकाना निवडा, उजवं बटण, 'फॉरमॅट सेल्स', त्यात 'टेक्स्ट' निवडा, ओके. मग क्रमांक भरा. एखादाच क्रमांक असेल तर त्याच्या आधी एकेरी अवतरण चिन्ह टाका. ते पडद्यावर दिसत नाही, पण काम करतं. आधी भरून मग टेक्स्ट केलं तर गेलेला अंक परत येत नाही. तो पासबुक बघून पुन्हाच भरावा लागतो. या रकान्यात चौकटीच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल. तिथे क्लिक केलं की एक्सेल विचारतं, आकड्यात बदलू का. इथे नाही म्हणायचं. बचतीच्या रकान्यात हिरवा त्रिकोण म्हणजे चूक, खाते क्रमांकाच्या रकान्यात तो असायलाच हवा. खूण एकच, अर्थ उलटा. हे लक्षात ठेवायला थोडं कठीण जातं, म्हणून संगणकाशेजारी भिंतीवर लिहून चिकटवा.

आयएफएससी कोडची गंमत वेगळीच. गटातल्या आठ-दहा जणींचं खातं एकाच शाखेत असतं, म्हणून आपण पहिलीचा कोड लिहितो आणि चौकटीचा कोपरा धरून खाली ओढतो. एक्सेलला वाटतं आपल्याला क्रम वाढवायचाय. दुसरीच्या कोडचा शेवटचा अंक एकने वाढतो, तिसरीचा दोनने. अकराव्या ताईची शाखा पार दुसऱ्या गावाला जाते! ओढण्याऐवजी असं करा: पहिल्या चौकटीपासून शेवटच्या ताईपर्यंत सगळ्या चौकटी निवडा आणि कंट्रोल धरून डी दाबा. सगळीकडे तोच कोड उतरतो. हा कोड ११ अक्षरांचा असतो. पहिली चार अक्षरं बँकेची आणि पाचवं नेहमी शून्य. ओ नव्हे, शून्य. बऱ्याच याद्या एवढ्यावरूनच परत येतात.

याद्या अकारविल्हे लावायचा मोहही जरा सांभाळून. नावांचा एकच रकाना निवडून क्रम लावायचं बटण दाबलं की एक्सेल प्रश्न विचारतं. 'एक्सपांड द सिलेक्शन' म्हणजे शेजारचे रकानेही सोबत हलव. 'कंटिन्यू' म्हणजे फक्त नावं हलव. घाईत दुसरं दाबलं की नावं हलतात, खाते क्रमांक जागच्या जागी राहतात. पहिल्या ओळीतल्या ताईपुढे पाचव्या ओळीतल्या ताईचं खातं. यादी मात्र पूर्वीपेक्षा नीटनेटकी दिसते, म्हणून कुणाला संशयही येत नाही. रकान्यांच्या मध्ये शोभेसाठी एक रिकामा रकाना सोडला असेल, तर हा प्रश्नही विचारला जात नाही. म्हणून रिकामे रकाने सोडू नका, आणि क्रम लावल्यावर एखादी ओळ पासबुकाशी जुळवून बघा. चुकलंच तर लगेच कंट्रोल धरून झेड दाबा. फाइल बंद करून उघडल्यावर ती सोय राहत नाही.

तारखांचं थोडक्यात. संगणक अमेरिकेच्या पद्धतीवर लावलेला असेल तर ०५/०६ म्हणजे ५ जून नव्हे, ६ मे. हप्त्याच्या तारखेत महिन्याचा फरक पडला की व्याज चुकतं. १३/०६ लिहून बघा. डावीकडे चिकटलं तर संगणक अमेरिकन आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, मग रीजन, तिथे 'इंग्लिश (इंडिया)' करा. दुसऱ्याचा संगणक असेल तर महिना इंग्रजी अक्षरांत लिहा, 'जून' असा. मग घोळ होत नाही.

नावं मराठीत लिहिली आणि बँकेत ती इंग्रजी अक्षरांचा खिचडा होऊन उघडली, असंही होतं. त्याचं कारण जुने फॉण्ट. तो फॉण्ट समोरच्याकडे नसेल तर वाचता येत नाही. युनिकोडमध्ये लिहिलेलं कुठेही वाचता येतं, मोबाइलवरसुद्धा. विंडोज १० आणि ११ मध्ये मराठी कीबोर्ड जोडता येतो. त्यातला 'मराठी फोनेटिक' घेतला तर उच्चाराप्रमाणे टाइप करता येतं.

लोडशेडिंगचं तुम्हाला मी काय सांगावं. दोन ओळी भरल्या की कंट्रोल धरून एस. मिठाच्या बरणीकडे हात जातो तसा हात तिकडे गेला पाहिजे. महिन्याची फाइल वेगळ्या नावाने ठेवा, "बचत जून" अशी, आणि एक प्रत पेन ड्राइव्हवर. त्यात सगळ्यांचे खाते क्रमांक असतात, तेव्हा तो पेन ड्राइव्ह मुलांना गाणी भरायला देऊ नका. यादी गटाच्या व्हॉट्सॲपवर टाकू नका. ज्या एका माणसाला हवी त्यालाच पाठवा.

पुढच्या बैठकीत एवढं करून बघा. यादी छापा. एका ताईने पासबुकातून खाते क्रमांक चार-चार अंकांत मोठ्याने वाचायचा, दुसरीने कागदावर बोट ठेवून जुळवायचं, आणि जिचं खातं आहे तिने शेवटच्या चार अंकांवर स्वतः खूण करायची. वाचता न येणाऱ्या ताईंनाही आपल्या पासबुकावरचे अंक ओळखू येतात, त्यांना वगळू नका. अकरा जणींना अर्धा तास पुरतो. खुणा झालेला कागद बैठकीच्या वहीत चिकटवा, खाली तारीख टाका आणि मगच यादी बँकेत द्या.